भरलेले पाट

मोहने, १३ जुलै

दादा,

तुझा पत्ता करिश्माकडून घेतला. तुझी मैत्रीण आहे, तिच्यावर रागावू नकोस. ती द्यायला तयार नव्हती. मी तिच्या दारात बसून राहिले म्हणून नाइलाजाने दिला. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. पत्र निदान फाडण्यासाठी तरी हातात घ्यावं लागतं.

बाबांनी ठाण्याच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. हे तुला बाहेरून कळू नये म्हणून आधी तेच लिहिते. मंडळांच्या मोठ्या मूर्तींसाठी पतपेढीतून काढलेलं कर्ज अंगावर आलं. प्लास्टरवर बंदी येणार म्हणून मंडळांनी ऑर्डरी फिरवल्या, तुम्हा दोघांचं भांडण झालं, तू नाशिकला गेलास. कर्ज कुणाच्या सांगण्यावरून काढलं ते मी लिहीत नाही. बाबासुद्धा आता त्यावर बोलत नाहीत. पूर्वी बोलायचे तेव्हा बरं होतं.

शुक्रवारी आम्ही कोपरीला क्षिप्रा मॅडमकडे गेलो. वकील आहेत, वयाने फार नाहीत, पण थापा मारत नाहीत. त्यांनी बाबांना सांगितलं, "घाबरू नका. सगळं जात नाही. नेसायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, काकूंचं मंगळसूत्र आणि कारागिराची हत्यारं, याला कुणी हात लावू शकत नाही. बाकीचं रिसिव्हर ताब्यात घेतील. म्हणजे कोर्टाने नेमलेले गृहस्थ. ते विकून पतपेढीला आणि इतरांना देतील."

बाबांनी विचारलं, "हत्यारं म्हणजे साचे पण?"

"साचे, कोरण्या, ब्रश. साच्यांसाठी मी भांडेन. कंप्रेसरचं सांगत नाही."

"आणि मूर्ती?"

"तयार माल तुमचा आहे. तो जाणार."

बाबांनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "पाटावरची असेल तर?"

मॅडमना कळलं नाही. मी समजावून सांगितलं, की आपल्याकडे घरचा गणपती सांगायचा तर माणूस आपल्या घरचा पाट आणून देतो, सोबत नारळ आणि विडा देतो, पाटाच्या पाठीवर त्याचं नाव असतं. मूर्ती त्या पाटावर बसवली की पाट भरला. मग ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, पाटावरून उठवायची नाही.

मॅडम हसल्या. "म्हणजे मूर्ती गिऱ्हाइकाची. तुमच्याकडे फक्त कामाला आहे. मग ती तुमच्या मालमत्तेत येत नाही. तसंच लिहा. पण गुणाजीकाका, जे आहे ते सगळं लिहा. लपवलं असं दिसलं तर कोर्ट संरक्षण काढून घेतं. हत्यारंही वाचणार नाहीत, वर तुरुंगाची पाळी येते."

बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर हातपाय न धुता मला म्हणाले, "संचे, शिडी आण. माळा झाडायचाय."

माळ्यावर काय आहे ते तुला माहीत आहे.

संचिता


मोहने, २३ जुलै

दादा,

तुझं उत्तर नाही. मीही अपेक्षा केली नव्हती, तरी पोस्टमनची सायकल वाजली की बाहेर जाते.

रिसिव्हर साहेब येऊन गेले. सभ्य माणूस. चप्पल बाहेर काढून आत आले, म्हणून आईला जास्तच राग आला. रागवायला काही कारण तरी हवं होतं तिला. फ्रिज लिहिला, टीव्ही लिहिला, तुझी बाइक लिहिली. मग स्वयंपाकघरात आले आणि फळीवरचे पितळी डबे बघून म्हणाले, "यांत स्वयंपाकाचं असतं काही?"

आई म्हणाली, "नाही, यांत आम्ही गाणी ठेवतो."

ते हसले आणि डबे लिहिले नाहीत. जाता जाता तिच्या गळ्याकडे बोट करून म्हणाले, "काळजी करू नका बाई, त्याला हात लावता येत नाही."

"लावून तर बघा," आई म्हणाली.

मग गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवतो तिथे, गेलो. आता लिहिते ते नीट वाच. आपल्याकडे यंदा खरी गिऱ्हाइकं दोन फळ्या भरतील एवढीच आहेत. तरी बाबांनी शाडूच्या मूर्ती दरवर्षीएवढ्याच काढल्यात. हात थांबला नाही त्यांचा. आणि आता त्यातली एकही मूर्ती उघड्या फळीवर नाही. सगळ्या पाटांवर आहेत. कंपनी बंद पडल्यावर कॉलनी सोडून गेलेल्या लोकांचे ते पाट आहेत. "पुढच्या वर्षी येतो गुणाजी, पाट राहू दे तुझ्याकडे," असं सांगून गेलेले. कोणी टिटवाळ्याला, कोणी गावी, कोणी कुठे ते ठाऊकच नाही. काही जण तर आता कुठेच नाहीत. बाबांनी ते सगळे पाट खाली काढले, पुसले आणि त्यांच्यावर मूर्ती बसवल्या.

तुला आठवत असेल, मी अक्षरं त्याच पाटांच्या पाठीवरून शिकले. शाळेत नाव घालायच्या आधी बाबा एकेक पाट उलटा करून माझ्यापुढे ठेवायचे आणि मी बोट फिरवून नाव वाचायची. मला त्यातलं प्रत्येक नाव अजून ओळखू येतं. म्हणून मला हेही माहीत आहे, की त्यांतल्या एकाही पाटाबरोबर यंदा नारळ आलेला नाही.

साहेबांनी वाकून चार-पाच पाटांची नावं वाचली. "बरीच गिऱ्हाइकं आहेत की."

"मोहन्याची माणसं आहेत," बाबा म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. कोर्टाला दिलेली यादी मी लिहिली होती म्हणून असेल. "काय हो, सगळे पाट यांचेच ना?"

मी म्हणाले, "पाट त्यांचेच आहेत."

शब्दाला शब्द खरं आहे. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

निघताना साहेब अगदी सहज म्हणाले, "चतुर्थीला दुपारी एक चक्कर टाकतो. ज्यांच्या असतील ते नेतीलच. जे राहील ते तुमचं धरावं लागेल, आणि मग हे आधी का लिहिलं नाही असं मला अहवालात विचारावं लागेल."

बाबांनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. परत आले तेव्हा चेहरा मातीसारखा झाला होता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला विकून टाकू, असा त्यांचा हिशेब असणार. पण पाट भरलाय ना. दुसरा कुणी असता तर त्याने मूर्ती उचलून जमिनीवर ठेवली असती आणि विकली असती. बाबांना ते जमणार नाही. कोर्टाला चुकवायला गेले आणि स्वतःच्याच नियमात अडकले.

संचिता


मोहने, ४ ऑगस्ट

दादा,

बाबांनी फोन करायला सुरुवात केली आहे.

जुन्या लोकांचे नंबर ते कुठून कुठून मिळवतात. सकाळी चहा झाला की शाळेच्या दारात स्टूल टाकून बसतात आणि लावतात. बोलणं प्रत्येकाशी तेच. "हॅलो, मी मोहन्याहून गुणाजी मूर्तिकार. ओळखलंत का? तुमचा पाट भरलाय." एवढं बोलून थांबतात. पैसे मागत नाहीत, या म्हणत नाहीत. पलीकडचा माणूस गप्प होतो आणि बाबाही गप्प राहतात. मी आत माती मळत असते आणि ती शांतता मला बाहेरून ऐकू येते.

आई म्हणाली, "अहो, लोकांना घाबरवता कशाला?"

"मी कुठे घाबरवतो? पाट भरलाय तर भरलाय म्हणून सांगतो. खोटं आहे का, संचे?"

साहेबांना दिलेलं माझंच उत्तर त्यांनी मला परत दिलं. त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे.

काल शांताबाई आल्या. कॉलनीत पाण्याच्या टाकीजवळ राहायच्या, आर्यनची आई. तू आणि आर्यन क्रिकेट खेळायचात. आर्यन गेला ते तुला कळलं असेल. त्यानंतर त्यांनी गणपती बसवणं बंद केलं होतं. त्यांना फोन आलेला नव्हता. त्या टिटवाळ्याहून फक्त आपला पाट मागायला आल्या होत्या. चांगला सागाचा आहे, सुनेला चौरंग म्हणून वापरायला होईल म्हणाल्या.

मी त्यांना दारातच थांबवायला हवं होतं. पण त्या आत आल्या आणि त्यांना पाट दिसला. त्यावर मूर्ती दिसली. अजून रंग नाही, डोळे नाहीत, नुसती करडी माती.

त्यांनी वाकून पाटाची कड चाचपून बघितली. मग मला विचारलं, "कोणी सांगितलं गं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "यंदा वाटलं मला, शांतावहिनी. हातून आपोआप झाली."

"आमच्याकडे बसवायला कोण आहे आता? ज्याच्या हातांनी यायचा तो नाही."

"मग मी काय करू? पाट भरलाय."

शांताबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि नमस्कार केला. "भरलाय तर न्यायलाच हवा," म्हणाल्या. "नाही नेला आणि पोराच्या लेकराला काही झालं तर? आधीच एक गेलाय घरातून." पाणीसुद्धा न घेता गेल्या.

त्या वळल्यावर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस? नेईल ती. सगळे नेतील."

त्यांना आनंद झाला होता, दादा. लहानपणी एखाद्या मूर्तीचं बोट तुटलं तर जेवायचे नाहीत, ते आपले बाबा.

संचिता


मोहने, १३ ऑगस्ट

दादा,

हे तिसऱ्या-चौथ्यांदा लिहायला घेतलं. आधीचं सगळं रडगाणं झालं म्हणून फाडलं.

काही लोक येऊन बघून जातात. आत न येता दारातून बघतात, आपला पाट ओळखतात आणि काढता पाय घेतात. अंबरनाथच्या एकाने मूर्ती नको म्हणून सांगितलं आणि वर पैसे पाठवले, "तुम्हीच तिकडे काय ते शांती-बिंती करा, पण आमच्या मागे लावू नका." एक बाई फोनवर बाबांना इतकं बोलली, की आईने फोन काढून घेतला. मग आणखी दोघांनी पैसे पाठवले.

मी बाबांना म्हणाले, "हे पैसे साहेबांना कळवावे लागतील."

"कशाला? ते देवाचे आहेत."

"मग देवासमोर ठेवा."

त्यांनी ठेवले नाहीत. ते कुठे आहेत हे मला परवा कळलं. आईने तांदूळ काढायला मला पितळी डबा उघडायला सांगितला आणि त्यात तांदळाखाली हाताला कागद लागला. बाबा मागे उभे होते. अगदी शांतपणे म्हणाले, "भांड्यांना हात लावता येत नाही ना त्यांना. तुझ्या मॅडमनीच सांगितलंय."

मॅडमनी जे वाचवायला सांगितलं होतं, त्याच्या आत ते आता सगळं कोंबायला निघालेत.

आणि शाळेत काय केलंय ते सांगते. त्यांनी पाट हलवून नव्याने लावलेत. पहिल्यांदा मला त्यात काही रीत दिसेना. मग कळलं. कॉलनीत ज्याची जिथे खोली होती, तिथे त्याचा पाट. मधे बोळ सोडलाय. टाकीच्या जागी पाण्याचं पिंप आहे आणि त्याशेजारी शांताबाई. दिवेलागणीला बाबा त्या बोळातून चालतात आणि दोन्ही बाजूंना नावं घेत जातात, पूर्वी वर्गणी मागायला जायचे तसे. "काय मास्तर. काय वहिनी, झाला का चहा." वर प्लास्टिक टाकलेल्या, डोळे नसलेल्या मूर्ती ओळीने बसलेल्या असतात. परवा मी दारात उभी होते तर मला म्हणाले, "बघ, सगळे परत आले."

बोळाच्या टोकाला, आपल्या जुन्या खोलीच्या जागी, एक नवा पाट आहे. तुझा. तू वेगळा संसार मांडशील तेव्हा द्यायचा म्हणून त्यांनी करून घेतलेला. तू गेलास त्या दिवशी त्यांनी तो माळ्यावर फेकला होता, गेलेल्यांच्या पाटांत. त्यावरही मूर्ती बसवली आहे.

रंग होत आला. राहिले ते डोळे. बाबांच्याने आखणी होत नाही. कोर्टाची नोटीस आल्यापासून उजवा हात कापतो. एका मूर्तीचा डोळा काढायला घेतला आणि रेघ गालावर गेली. त्यांनी लगेच ती पुसली आणि मला म्हणाले, "ऋत्याला कळव. म्हणावं, आखणीपुरता ये."

म्हणजे मी तुला लिहिते हे त्यांना माहीत आहे. किंवा नसेलही, सवयीने म्हणाले असतील. तू ये. भांडायला ये, पण ये. मला एकटीला हे आवरत नाही.

संचिता


मोहने, २१ ऑगस्ट

दादा,

पार्सल मिळालं. मला वाटलं आत पत्र असेल.

तुझा आखणीचा ब्रश. पुठ्ठ्याच्या नळीत, केसांना मेण लावून, नीट. चिठ्ठी नाही. नळीतसुद्धा बघितलं, बोट घालून.

म्हणजे तूच काढ डोळे, मी येत नाही. असंच ना? बरं. आपल्या घरात तोंडाने बोलायची पद्धत नाही, हे मी विसरले होते.

बाबांनी ब्रश हातात घेतला, टोक ओठांवर फिरवून बघितलं आणि माझ्यापुढे धरला. "काढ."

मी लहानपणापासून तुझ्या शेजारी बसून बघितलंय. श्वास कुठे धरायचा ते मला माहीत आहे. मी खऱ्या गिऱ्हाइकांच्या मूर्ती घेतल्या. पहिली बिघडली असं मला वाटलं, बाबा म्हणाले नाही. तुझ्या डोळ्यांत थोडी थट्टा असायची. माझे डोळे काळजी केल्यासारखे दिसतात. पण नजर आहे. दोन दिवसांत दोन्ही फळ्या झाल्या.

मग बाबांनी बोळाकडे हात केला. "आता हे."

मी म्हणाले, "यांचे नाही काढणार."

"का?"

"यांचा नारळ आला नाही."

मला वाटलं ते ओरडतील. ते स्टुलावर बसले. "संचे, साहेब येतील. डोळे नसलेली मूर्ती कोण नेणार? कुणी नेली नाही तर काय होईल ते मॅडमनी सांगितलंय ना तुला?"

"सांगितलंय."

"हत्यारं जातील. ती गेली की मी काय आहे?"

मी एवढंच म्हणाले, "बाबा, डोळे काढले नाहीत तोवर ती माती आहे. माती पाटावरून उचलली तर दोष नाही. चला, उचलू. लोकांचे पाट लोकांना परत देऊ आणि माल आपला आहे म्हणून साहेबांना सांगू."

"माझ्या बापाने भरलेला पाट कधी रिकामा केला नाही."

"आजोबांनी न सांगितलेला पाट कधी भरलाही नाही."

आई दारात उभी होती. ती आत जाऊन तांदळाचा डबा घेऊन आली आणि बाबांच्या पायांजवळ ठेवला. "हा डबा माझा आहे," म्हणाली. "त्यात काय ठेवायचं ते मी ठरवणार. हे काढा माझ्या तांदळातून."

बाबा उठून बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. मी आणि आई नदीपर्यंत बघून आलो. आम्ही का बघायला गेलो ते दोघींपैकी कुणी बोललं नाही. ते बंद कंपनीच्या गेटसमोर कट्ट्यावर बसलेले सापडले. हाक मारल्यावर मुकाट्याने आले. तेव्हापासून बोलत नाहीत.

संचिता


मोहने, २५ ऑगस्ट

दादा,

हे पत्र पोस्टाने तुला वेळेवर मिळणार नाही, म्हणून करिश्मा स्वतः घेऊन येते आहे. ती समोर उभी राहील. तिच्यासमोर वाच.

शुक्रवारी मी एकटी कोपरीला गेले आणि क्षिप्रा मॅडमना सगळं सांगितलं. पाट, फोन, डब्यातले पैसे, आणि मी साहेबांना दिलेलं उत्तर. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "चतुर्थीच्या दुपारी हे उघडं पडलं असतं तर मी काही करू शकले नसते. आता निदान आपण आधी सांगतोय. वाचतील असं वचन मी देत नाही. कोर्ट ठरवेल."

तिथूनच आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत, त्याची मला जास्त भीती वाटली. "सोमवारी येतो," म्हणाले. "त्या मूर्ती वेगळ्या करून ठेवा. नव्याने लिहावं लागेल. यापुढे एक जरी गोष्ट सांगितली तशी निघाली नाही, तर मला दुसऱ्यांदा लपवलं असं लिहावं लागेल."

शनिवारी सुरू केलेलं ते काम काल संपवलं. एकेक मूर्ती उचलून फळीवर ठेवली. आईने एका बाजूने धरलं. बाबा स्टुलावर बसून बघत होते. पाट रिकामा झाला की मी तो उलटा करून नाव वाचायची. कशासाठी, माहीत नाही. सवय.

शांताबाईंचा पाट घेऊन मी टिटवाळ्याला गेले. म्हणाले, "मावशी, हा तुमचा पाट. तुम्ही सांगितलं नव्हतं. बाबांचं चुकलं. तुमच्यावर काही बंधन नाही."

मला वाटलं त्यांना सुटल्यासारखं होईल. त्यांनी पाटावरून हात फिरवला आणि माझ्यावरच कडाडल्या. "आता सांगतेस? मी घर सारवून-पुसून बसले. नातवाला सांगून ठेवलं, गणपती येणार. त्याने आरत्या पाठ केल्या. आता त्याला काय सांगू, माती होती म्हणून?"

मी पाट भिंतीला टेकवून ठेवला.

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात नारळ होता आणि विडा. "आता मी सांगते. हा घे नारळ. माझ्याच पाटावर बसव, आणि डोळे नीट काढ. आर्यन हसरे म्हणायचा, तसले."

मी येताना गाडीत नारळ मांडीवर धरून बसले होते. त्यांच्या मूर्तीचे डोळे हसरे झाले की नाही, त्या नेतील तेव्हा कळेल.

आज साहेब आले. फळीवरच्या मूर्ती त्यांनी माल म्हणून लिहिल्या; नारळ आलेल्या, शांताबाईंची धरून, गिऱ्हाइकांच्या म्हणून सोडल्या. डोळ्यांशिवाय आहेत असंही लिहिलं. विकून काय यायचं ते येईल. डब्यातले पैसे ज्यांचे त्यांना परत करायचे असं ठरलं. साचे, कोरण्या, ब्रश यांवर त्यांनी पेन्सिलीने खूण केली, शाईने नाही. सप्टेंबरात तारीख आहे. हत्यारं राहतील की नाही, बाबा बाहेर राहतील की नाही, हे त्या तारखेला. मॅडम म्हणतात, आजच्यासारखं सगळं सरळ निघालं तर आशा आहे.

आता शेवटचं.

काल सगळे पाट रिकामे करत करत मी बोळाच्या टोकाला आले. तुझ्या पाटाशी. मूर्तीखाली हात घातला तेव्हा बाबा बोलले. चार दिवसांत पहिल्यांदा.

"तेवढी राहू दे."

मी म्हणाले, "बाबा, त्याने सांगितलेली नाही."

"मुलाचा पाट बापानेच भरायचा असतो. ते लपवणं नाही."

"आणि तो नाही आला तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू लिहितेस ना त्याला."

मी खूप विचार केला, दादा. ती उचलून ठेवणं सोपं होतं. मग मी ब्रश घेतला. बाबा शेजारी येऊन बसले आणि माझं मनगट खालून धरलं, लहानपणी अक्षर गिरवताना धरायचे तसं. त्यांचा हात कापत होता, माझा कापत नव्हता. रेघ सरळ आली. तुझ्या ब्रशने तुझ्या पाटावरच्या गणपतीला डोळे काढले.

आज साहेबांनी सगळी फळी बघितली आणि मग ते बोळाच्या टोकाच्या त्या एकट्या पाटापुढे थांबले. "हा?"

आईने पदर तोंडाशी धरला होता.

मी म्हणाले, "माझ्या भावाचा आहे. ऋतुराज. चतुर्थीला तो स्वतः न्यायला येणार आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. बुधवारी, चतुर्थीच्या दुपारी ते येतील, आणि त्या वेळी पाट इथे नसला पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी गोष्ट लिहून दिली आहे, जी खरी आहे की खोटी हे मला माहीत नाही. ते फक्त तुझ्या हातात आहे.

बाबा आत्ता दारात बसलेत. फोन करत नाहीत. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसलेत.

नारळ मी ठेवू शकले असते. दुकान समोरच आहे. पण ठेवलेला नाही. तो तू आण.

संचिता